पाच वितींना चार बोटं कमी

शोरूममध्ये शिरल्यापासून अण्णांनी एकाही गाडीचं तोंड पाहिलं नव्हतं. ते सरळ प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन उभे राहत होते.

“काका, डिकी उघडून दाखवू का?” सेल्समनने विचारलं. छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव होतं, ऋतुराज.

“डिकी राहू द्या. ही काच किती?”

“किती म्हणजे?”

उजव्या हाताचा पंजा ताणून अण्णांनी अंगठा मागच्या काचेच्या एका टोकाला ठेवला, करंगळी टेकवली, मग करंगळीपाशी अंगठा आणला, असं वीत-वीत करत दुसऱ्या टोकाला पोचले. ऋतुराजने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नवऱ्याकडे, तुषारकडे पाहिलं. तुषार छताकडे पाहत होता.

“पाच वितींना चार बोटं कमी,” अण्णा मला म्हणाले. “लिहून घे.”

मी लिहून घेतलं. हसू नका. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. दिवसभर व्हॉल्व्ह मोजायचे आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ असं लिहायचं, एवढंच मला येत होतं, आणि बाळंतपणाच्या रजेत व्हॉल्व्ह नसल्यामुळे मी घर मोजायला घेतलं होतं. मुक्ता किती वाजता प्यायली, कोणत्या बाजूला, किती मिनिटं, याचा तक्ता फ्रिजवर होता. आता गाडीचा तक्ता होता. सतरा रकाने, प्रत्येकाला गुण, एकूण शंभर. त्यात मी मायलेजखाली अठरावा रकाना पाडला आणि लिहिलं: ‘मागची काच, पाच वीत उणे चार बोटं (अण्णा)’. गुण किती द्यावेत ते मात्र कळेना.

अण्णा म्हणजे माझे सासरे, दत्तात्रय वारुंगसे. आडगाव नाक्यावर ट्रकवाले त्यांना दत्तू पेंटर म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी ट्रकच्या पाट्या रंगवल्या, नंबर लिहिले, मागच्या फाळक्यावर मोर काढले. मग रेडियमवाले आले, पाठोपाठ मशीनवर ठोकलेल्या नंबरप्लेटा आल्या, आणि अण्णांनी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन दुकान बंद केलं. आता ते मुक्ताची झोळी हलवत.

“आणि कागदावर नाव कुणाचं येणार?” शोरूममधून निघता निघता त्यांनी विचारलं.

“ते काका, तुम्ही लोन घेताय का लीज, त्यावर आहे,” ऋतुराज म्हणाला.

अण्णांनी मान हलवली आणि रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागे तुषार माझ्या कानाशी आला.

“कळलं का तुला?”

“काय?”

“नाव कुणाचं, ते. त्यांना वाटतं गाडी मुलाच्या नावावर असावी. तोंडाने बोलणार नाहीत.”

“मग तुझ्या नावावर घेऊ.”

“माझ्या नावावर बँक सायकलपण देणार नाही.”

ते खरं होतं. तुषारचा पंचवटीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत बरा चालतो, पितृपक्षात आम्ही दोघं एकमेकांचे फोटो काढतो. कर्ज मिळणार ते माझ्या पगाराच्या कागदावर, आणि ज्याचं कर्ज त्याची गाडी. अण्णांच्या पाठीकडे पाहत मी मनात म्हटलं, घ्या. पाच वर्षं ज्यांना देवमाणूस समजत होते, त्यांच्याही पोटात शेवटी हेच.

हे त्यांना विचारावं, असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. अंदाज बांधायची आहे, आणि बांधलेल्या अंदाजावर रुसायची आहे.

*

गाडी लागणार होती मुक्तासाठी. रजा तीन तारखेला संपत होती. चार तारखेपासून कंपनीची बस, म्हणजे जाताना दीड तास आणि येताना त्याहून थोडा जास्त, कारण ती बस सिडकोतल्या प्रत्येक माणसाला त्याच्या दारात सोडायची. मुक्ता बाटली घेत नव्हती. निपल तोंडाला लावलं की ती जीभ बाहेर काढून माझ्याकडे अशी पाहायची, जशी मी नापास व्हॉल्व्हकडे पाहते. सकाळी सातनंतर संध्याकाळी सातपर्यंत ती काय करणार होती, ते कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं. गाडी असली तर अर्ध्या तासात घर. दुपारच्या सुट्टीत येऊन पाजून परत जाणंसुद्धा जमलं असतं. गाडी नसली तर नोकरी सोडायची, असं मी मनाशी ठरवलेलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यात आमच्या कंपनीने लीजची योजना काढली. गाडी मुंबईच्या एका लीजिंग कंपनीची, भाडं दर महिन्याला माझ्या पगारातून कापणार, विमा आणि दुरुस्ती त्यांच्याकडे, करही थोडा वाचणार. चार वर्षांनी गाडी परत द्यायची, नाहीतर उरलेली किंमत भरून ठेवून घ्यायची. मुख्य म्हणजे गाडी तयार होती. सही केली की चार तारखेच्या सकाळी दारात. कर्जाने घ्यायची तर ठेव मोडा, बँकेच्या फेऱ्या मारा, बुकिंग करा, तीन आठवडे कुठेच गेले नाहीत.

मी रकाने भरत बसले. मुक्ता मांडीवर, लॅपटॉप तिच्या पायांच्या पलीकडे, एक हात मोकळा. ‘भावना’ या रकान्याला मी शंभरपैकी पाच गुण ठेवले होते, आणि एवढा उदारपणा अजून कुणी दाखवला असता का, असंही मला वाटून गेलं होतं. रिक्षातल्या बोलण्यानंतर मी बाकीच्यांचे थोडे थोडे गुण कापून एकोणिसावा रकाना पाडला: ‘घरातली शांतता, दहा गुण’. लीजला दहापैकी दहा. कारण लीजवर घेतली की गाडी ना माझ्या नावावर, ना तुषारच्या. वादाचं मूळच मुंबईला पाठवून दिलं.

एकूण: लीज अठ्ठ्याहत्तर, लोन एकसष्ट.

तक्त्याच्या चार पानांची प्रिंट काढून तुषारने स्टुडिओतून आणली. मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर निकाल वाचून दाखवला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

“म्हणजे चार वर्षांनी गाडी परत?” त्या म्हणाल्या.

“हो आई. तोपर्यंत जुनीच होते ना.”

“लग्नात भाड्याने भांडी आणतात तसं. पण मग घासून, मोजून द्यावी लागतात. एक वाटी कमी भरली की तोंड बघावं त्या माणसाचं.”

“इथे वाट्या नाहीत, आई.”

“ओरखडे असतात ना. तुषार चालवणार म्हणजे असतीलच.”

“मी काय केलं आता?” तुषार म्हणाला.

अण्णांच्या डाव्या हातात झोळीची दोरी होती.

“मग मालक कोण?” त्यांनी विचारलं.

“लीजिंग कंपनी, अण्णा. मुंबईची.”

“मालक मुंबईला.”

“हो.”

“आणि गाडी इथे, हिरावाडीत.”

“हो.”

“तू चालवणार, हप्ता तू भरणार.”

“भाडं. हप्ता नाही, भाडं.”

“बरं, भाडं. आणि मालक कधी गाडीला हात लावायलासुद्धा येणार नाही.”

“त्यांच्याकडे हजारो गाड्या असतात, अण्णा.”

“असतील.” त्यांनी दोरीला एक हलका हिसका दिला. “तू ठरवलंस ना? नीट मोजून ठरवलंस?”

“एकोणीस रकाने आहेत.”

“मग झालं.”

ते उठून गॅलरीत गेले. मी तुषारकडे पाहिलं, तुषारने ‘बघितलंस?’ अशा अर्थाने भुवया उडवल्या. त्या आठवड्यात मी अण्णांना चहा देताना बशी जरा जोरात ठेवत असे. त्यांच्या ते लक्षात आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. उलट मी दुपारी मुक्ताला घेऊन आडवी झाले की ते टेबलापाशी काहीतरी खुडबुडत बसत. पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, शब्दकोडं सोडवतायत. पेपरातलं कोडं ते पेनने सोडवतात, हे मला पाच वर्षं माहीत होतं. पण रुसलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही.

*

सही करायला मी एकतीस तारखेला कंपनीत गेले. चार तासांची मुदत होती, म्हणजे मुक्ताच्या पोटाची. एच.आर.च्या सबनीस मॅडमनी फोनवर म्हटलं होतं, “तू तुलना केलीयस म्हणे. घेऊन ये, बाकीचेही विचारतात मला.” निघताना मी टेबलावरची पानं उचलली, न बघता पिशवीत घातली. खोटं कशाला बोलू, मला त्या पानांचा अभिमान होता. बसमध्ये एका बाईंनी शेजारच्या जागेवर डबा ठेवला तेव्हा मी पिशवी मांडीवर घेतली, चुरगळायला नको म्हणून.

मॅडमनी लीजचे कागद माझ्यापुढे सरकवले आणि स्वतः माझा तक्ता वाचायला घेतला.

“बाई गं. ‘घरातली शांतता’?”

“आहे आमच्याकडे थोडा प्रश्न.”

“सासरे?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“शांततेला दहा गुण दिलेत म्हणजे सासरच असणार. माहेरासाठी कोण देतं?” त्यांनी पान उलटलं. “हे कुणी काढलंय गं?”

मी पहिल्या पानावर सही करून दुसऱ्या पानावर पेन टेकवलं होतं. मान वर केली.

माझ्या तक्त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने ओळी आखल्या होत्या. पट्टीने नाही, दोरा ताणून आखल्यासारख्या, एका श्वासात मारलेल्या. आणि त्या ओळींमध्ये अक्षरं. ट्रकच्या मागे असतात तशी, जाड, खांद्यात रुंद, पायांत निमुळती, कडेला सावली दिलेली. पहिल्या पानावरची जरा डगमगत होती. दुसऱ्यावर सरळ झाली. चौथ्या पानापर्यंत ती इतकी ठाम झाली होती, की पेन्सिलीची आहेत हे विसरायला व्हावं. कोपऱ्यात बारीक आकडा होता: ५ वीत – ४ बोटं.

“लेकीचं नाव का?” मॅडमनी पान सरळ करत विचारलं. मग वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लेकीचं नव्हतं. तुषारचंही नव्हतं.

लहान अक्षरांत ‘मालक’, आणि त्याखाली, टोकापासून टोकापर्यंत, ‘हर्षदा वारुंगसे’.

आठ वेळा. सहाव्या वेळी ‘र्ष’वरचा रफार जरा उजवीकडे गेला होता, तर तिथे त्यांनी छोटी फुली मारली होती. मी व्हॉल्व्हवर मारते तशी.

माझ्या हातात पेन होतं आणि दुसऱ्या सहीच्या जागी शाईचा ठिपका मोठा होत होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “लीजच्या गाडीवर मागे नाव लिहिता येतं?”

“कसलं नाव?”

“असंच. रंगाने.”

त्यांनी कागद चाळले. “हे बघ. ‘वाहनाच्या कोणत्याही भागावर लेखन, रंगकाम, चित्रकाम करता येणार नाही.’ पण तसं लोक लिहितात गं. परत घेताना थोडा दंड लावतात, एवढंच. चार वर्षांनी बघता येईल.”

दंड भरून प्रश्न सुटणार असता तर मी भरला असता. पण अण्णांची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. एकदा एका ड्रायव्हरने हौसेने ट्रकवर आपल्या मुलीचं नाव लिहायला सांगितलं, तर अण्णांनी डबा बंद केला. म्हणाले, मालकाला फोन लाव, तो हो म्हणाला तर लिहितो. मालकाला विचारल्याशिवाय त्यांनी कुणाच्या गाडीवर टिंबसुद्धा ठेवलेलं नव्हतं. आणि मी त्यांना मालक मुंबईला असल्याचं सांगितलं होतं. वर एकोणीस रकाने दाखवले होते.

“मॅडम, मी आज सही करत नाही.”

“अगं, एक केलीयस की.”

“ती रद्द समजा.”

“गाडी दुसऱ्याला जाईल हं. चार तारखेला काय करशील?”

मी तक्ता परत मागितला. त्या म्हणाल्या, झेरॉक्स तरी ठेवते. मी म्हटलं, पुढच्या बाजूची ठेवा, मागची नको.

*

घरी आले तेव्हा अण्णा झोळीपाशी होते. सासूबाई आत पोळ्या करत होत्या. मी चपला काढल्या, हात धुतले, मुक्ताला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसले. त्या वेळी पाठ फिरवायची सोय होती हे बरं झालं.

“झाली सही?” अण्णांनी मागून विचारलं.

“नाही.”

“का?”

“सहाव्यातला रफार बिघडलाय.”

झोळीच्या कडीचा आवाज थांबला.

“पेन्सिलीने तो तसाच येतो,” अण्णा म्हणाले. “ब्रशने बरोबर येईल.”

“मला वाटलं, तुम्हाला गाडी तुषारच्या नावावर हवीय.”

“तुषारच्या?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “तुषारला कशाला? त्याला स्कूटर दिली तर तो पेट्रोल भरायला विसरतो.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू मोजत होतीस. मोजणाऱ्या माणसाच्या मध्ये बोलू नये, आकडा चुकतो.” मग म्हणाले, “ट्रकवर बायकांची नावं मी हजार लिहिली असतील. आईचा आशीर्वाद, ताईची कृपा, सोनी-मोनी. मालक म्हणून बाईचं नाव फक्त दोनदा. दोन्ही वेळी नवऱ्याने कागदापुरतं केलेलं. बाई काही बघायला आल्या नाहीत. मालक समोर उभा असला की अक्षर वेगळं पडतं. म्हटलं, हात आहे तोवर एकदा तसं लिहावं.”

हात आहे तोवर. मी वळून पाहिलं. त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. बोटं थरथरत होती, अगदी थोडी. मला ते इतके दिवस दिसलं नव्हतं. मी चहाच्या बशा जोरात ठेवण्यात गुंतले होते.

“अण्णा, तीन आठवडे लागतील. चार तारखेपासून मला बसने जावं लागेल. ही बाटली घेत नाही.”

आतून सासूबाई म्हणाल्या, “तुषार घेत होता का बाटली? चोचीच्या बोंडल्याने वाढवलाय मी त्याला. माळ्यावर असेल, काढा.”

मी सहा महिने इंटरनेटवर वाचत होते. बोंडलं माळ्यावर होतं.

*

ते तीन आठवडे सांगण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी द्वारका चौकातच दुधाने माझी ओढणी ओली झाली. दुसऱ्या दिवशी मी दोन ओढण्या नेल्या. तिसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरने न सांगता रस्ता बदलला, आधी पंचवटी आणि मग सिडको केलं. सिडकोवाले ओरडले तर म्हणाला, “तुमच्या घरी पोर रडतंय का? मग बसा.” बोंडल्यातलं दूध मुक्ता अण्णांच्या हातून प्यायची, सासूबाईंच्या हातून थुंकायची, आणि सासूबाईंनी या अपमानाबद्दल आठवडाभर अण्णांशी अबोला धरला. नोकरी मी सोडली नाही. सोडायचं ठरवलं होतं, हेसुद्धा मी आत्ता पहिल्यांदाच सांगतेय.

गाडी पंचवीस तारखेला आली. पांढरी. सासूबाईंनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मी चालवत दारात आणली, तेव्हा चार लिंबांपैकी तीनच फुटली, त्यावर तुषारने बोलायला तोंड उघडलं आणि आईने त्याच्याकडे बघून ते मिटवलं.

अण्णांनी स्टुलावर डबे मांडले होते. पिवळा आणि लाल. काच कोरड्या फडक्याने पुसली, मग कागदाने, मग तळहाताने. खडूच्या पुडीत बुडवलेला दोरा तुषारला एका टोकाला धरायला दिला, दुसरं टोक स्वतः धरून मध्ये बोटाने टिचकी मारली. काचेवर सरळ पांढरी रेघ उमटली.

मग ते ब्रश हातात घेऊन माझ्याकडे वळले. आवाज एकदम दुकानातला झाला.

“मालक, लिहू का?”

मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देता येतं. निदान मुद्दे तरी काढता येतात. त्या वेळी कडेवर मुक्ता होती, ती माझी माळ ओढत होती. मी नुसती मान हलवली.

“मालक तोंडाने बोलले पाहिजेत.”

“लिहा,” मी म्हटलं.

“मालकीण लिहा की,” सासूबाई म्हणाल्या. अबोला त्यांनी तिथेच सोडला.

“मालकीण तू आहेस, घराची. तुला कुणी हप्ते लावलेत का? ही मालक आहे.”

डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी पहिलं अक्षर सुरू केलं. ब्रश काचेला टेकेपर्यंत टोक हलत होतं. टेकलं आणि थांबलं. पाऊण तास गल्ली बघत उभी होती. ‘र्ष’पाशी त्यांनी श्वास रोखला, रफार एका झटक्यात फिरवला आणि मागे न बघता म्हणाले, “झाला का बरोबर?”

“पास,” मी म्हटलं.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी बारीक ब्रश काढला आणि नावाच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काही लिहायला लागले. वाकून पाहिलं तर: ‘बँकेकडे तारण’.

“अण्णा, हे कशाला?”

“ट्रकवर लिहितात.”

“पण ही कार आहे. लोक हसतील.”

“खरं आहे ना? कागदावर बँकेचंपण नाव आहे, मी वाचलं. मग लपवायचं कशाला? वर मालक मोठा, खाली बँक बारीक. आख्ख्या नाक्यावर असंच असतं. कर्ज आहे म्हणून कुणी मालक लहान लिहायला सांगत नाही.”

लोक हसले. कंपनीच्या पार्किंगमध्ये वॉचमन मला ‘ट्रक आला’ म्हणायचा. सिग्नलला मागचे लोक फोटो काढायचे. दोन वेळा मला ओव्हरटेक करून एका ट्रकवाल्याने हात जोडून नमस्कार केला, तो मला नव्हता, अक्षराला होता. दर दुपारी बारा-पन्नासला ती गाडी हिरावाडीत शिरायची, आणि गॅलरीत अण्णांच्या खांद्यावरून एक टकलू मागच्या काचेकडे बघत बसायचं. मुक्ताला पहिलं अक्षर वाचता आलं ते ‘मा’. सासूबाई अजून मानतात, की ते ‘माझं’चं मा. अण्णा नुसते काचेकडे बघतात.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. बँकेचं पत्र आलं, आरटीओतून नवा कागद आला, त्यावर आता एकच नाव आहे. रविवारी सकाळी मी दाढीचं ब्लेड घेऊन खाली उतरले. मुक्ता बरोबर होती. अण्णा जिन्याचा कठडा धरून धरून मागून आले. त्यांचा हात आता पेलासुद्धा सांडल्याशिवाय धरत नाही.

“तुझ्या हाताने कर,” म्हणाले. “पण थांब.”

ते काचेजवळ गेले आणि आपले दोन्ही पंजे नावावर पसरून ठेवले. ‘हर्षदा’ झाकलं गेलं, ‘वारुंगसे’ उघडं राहिलं. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. तिने पुढे होऊन टाचा उंच केल्या आणि दोन्ही तळहात उरलेल्या अक्षरांवर ठेवले.

“खालचंच फक्त,” अण्णा म्हणाले. “ब्लेड वर जाऊ देऊ नकोस.”

मी खरवडायला लागले. रंगाची बारीक सोलपटं बोटांवर पडत होती. पहिल्या झटक्यात बँक गेली. ‘तारण’ थोडं चिवट निघालं.

पुन्हा कुणी विचारलंच, लीज बरं का लोन, तर माझ्या तक्त्याची झेरॉक्स अजून सबनीस मॅडमकडे आहे. मॅडम लोकांना त्याच्या प्रती वाटत असतात म्हणे. पुढच्या बाजूच्या.